सातवं वाक्य

नोकरीची ओळख करून द्यायला बहुतेकांना एक ओळ पुरते. आमचे हे रेल्वेत होते, संपलं. माझं तसं नाही. फरीदाबादजवळच्या एका खासगी विद्यापीठात मी शैक्षणिक विभागात सहायक म्हणून लागले आणि उपकुलसचिव म्हणून निवृत्त झाले. पण तिथे नेमकं काय करता, असं इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं की ‘ऑफिसचं काम’ म्हणून मी मोकळी व्हायचे. खरं उत्तर दिलं तर लोक हसतात. मी वाक्यं लिहायचे. आठ वाक्यं. ती लिहायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

सांगते. आमच्याकडे इंजिनिअरिंग, कायदा, फिजिओथेरपी, हॉटेल मॅनेजमेंट, बी.ए., बी.एस्सी. असं सगळंच शिकवत. प्रत्येकाची पुस्तकं वेगळी, परीक्षा वेगळी. पण तपासणीला बाहेरून येणारी समिती विचारते, ते राहू द्या, तुमच्याकडून बाहेर पडणारा कुठलाही विद्यार्थी घेतला, वकील घेतला की स्वयंपाकी घेतला, तर त्या सगळ्यांना सारखं असं काय येतं? ते लिहून दाखवा. आणि खरंच येतं हे मोजून दाखवा. कागदावर याला ‘समान अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. आम्ही नुसतं ‘आउटकम’ म्हणायचो.

या वाक्यांचा साचा ठरलेला. सुरुवात, ‘इथून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी’. शेवट, ‘करू शकेल’. मधे असं क्रियापद हवं की जे डोळ्यांना दिसतं. मांडू शकेल, मोजू शकेल, तुलना करू शकेल, दुरुस्त करू शकेल. ‘समजेल’ चालणार नाही. नोएडाहून एक प्रशिक्षक आले होते, त्यांनी पहिल्याच दिवशी हे फळ्यावर लिहिलं आणि त्यावर काट मारली. समज दिसत नाही, म्हणून मोजता येत नाही, म्हणून ती धरायची नाही. मी बंदी घातलेल्या क्रियापदांची यादी टाइप करून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावली. वाक्यं अर्थातच इंग्रजीत असायची. इथे मराठीत देतेय. प्राध्यापक लोक मसुदा घेऊन यायचे आणि मी मान वर न करता म्हणायचे, "सर, ‘अंडरस्टँड’ है इसमें. ले जाइए."

मोठमोठ्या पीएच.डी.वाल्यांना ‘ले जाइए’ म्हणण्यात मजा होती. खोटं का बोलू?

गमतीही पुष्कळ. कायदा विभागाने आपल्या सूचनांचा तक्ता पाठवला, त्यात लिहिलेलं की आमचा विद्यार्थी रुग्णाला उठवून बसवताना स्वतःच्या कमरेची काळजी घेऊ शकेल. फिजिओथेरपीचा तक्ता जसाच्या तसा उचलला होता. विभागप्रमुखांना बोलावून दाखवलं, तर ते जराही ओशाळले नाहीत. "मैडम, हमारे क्लाइंट भी मरीज़ ही होते हैं. और कमर तो वकील की भी टूटती है." हॉटेलवाल्यांचा आग्रह की सगळ्या विद्यापीठाला हसतमुखाने स्वागत करता आलं पाहिजे. गणिताच्या बाईंनी विचारलं, "का?" त्यावर बैठक तिथेच संपली. ‘प्रामाणिकपणे वागू शकेल’ या वाक्यावर तीन बैठका झाल्या. प्रामाणिकपणा कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पायऱ्यांत कसा मोजायचा? एकजण म्हणाला, मध्यम प्रामाणिक म्हणजे आपण सगळे.

या सगळ्यात माझं स्थान काय, तर मी सचिव. मत द्यायचं नाही, इतिवृत्त लिहायचं. बैठकीत कोण काय म्हणालं आणि काय ठरलं याचा कागद. ऑफिसात त्याला मिनिट्स म्हणतात. पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच अध्यक्ष विचारतात, "मिनिट्स कन्फर्म?" आणि समोसे उचलता उचलता सगळे म्हणतात, "कन्फर्म." एकदा कन्फर्म झालं की जे लिहिलंय तेच ठरलेलं. मग कोण काय म्हणालं होतं याला अर्थ नाही.

आता सातव्या वाक्याकडे येते. पण त्याआधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी जे केलं ते का केलं हे कळणार नाही. कळलं म्हणून माफ करा असं नाही.

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात हमाल. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बसायला घरात रिकामी पोती अंथरलेली असायची, त्यांवर छापलेली इंग्रजी अक्षरं मी बोटाने गिरवायचे. मराठी शाळा झाली, मग कॉलेज. तिथे पहिल्या वर्षी सरांनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं, मराठीत. उभी राहिले, तोंड उघडलं आणि खाली बसले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या दिवसापासून मी इंग्रजीच्या मागे लागले. वर्तमानपत्रातली टेंडरं पाठ केली, कारण रद्दीत तीच पानं मिळायची. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा माझ्या इंग्रजीला टेंडरांचा वास होता, पण ती चालायची, धावायची. आमच्या विभागात मसुदा माझ्या हातून गेल्याशिवाय कुलगुरूंच्या टेबलावर जात नसे. इथल्या लोकांना माझं आडनाव नीट उच्चारता येत नाही; ‘बाघमारे मैडम, सच में बाघ मारा है क्या?’ असं दर नवा माणूस विचारायचा. मी म्हणायचे, "मारा है. इंग्लिश बोलता था."

हा विनोद मला फार आवडायचा.

सातवं वाक्य संवादाचं होतं. बैठकीला अध्यक्ष अधिष्ठाता मेहरासर. हिंदी विभागाचे त्रिपाठीजी एरवी पेंगायचे, पण त्या दिवशी ते सरसावून बसले. म्हणाले, "लिखिए, अपनी बात किसी एक भाषा में स्पष्ट रख सकेगा. किसी भी एक में. आधे बच्चे मेवात, पलवल, होडल से आते हैं. जिसमें सोचते हैं, उसमें तो बोलना आए पहले." कुणी विरोध केला नाही. मेहरासरांना दुसऱ्या मीटिंगला जायचं होतं. ते उठता उठता म्हणाले, "बिल्कुल ठीक. वर्डिंग मैडम देख लेंगी."

वर्डिंग मॅडमने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकावर बसले आणि लिहिलं, ‘इथून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी आपलं म्हणणं इंग्रजीत स्पष्टपणे मांडू शकेल.’

चुकून नाही लिहिलं. कुणी सांगितलं म्हणूनही नाही. त्रिपाठीजींचं वाक्य माझ्या वहीत शब्दशः उतरवलेलं होतं, ते समोर उघडं ठेवून मी वेगळं लिहिलं. मला वाटलं, ‘कुठल्याही एका भाषेत’ म्हणजे गरिबाच्या पोरांना सूट देऊन तिथेच बसवायचं. साहेबांच्या पोरांना इंग्रजी येतच असते. सक्ती केली तर आमच्यासारख्यांची पोरं शिकतील. मी शिकले नाही का? असं सगळं मला वाटलं, आणि ते वाटताना फार बरं वाटलं. पुढच्या बैठकीत मेहरासर म्हणाले, "मिनिट्स कन्फर्म?" त्रिपाठीजी चटणी वाढून घेत होते. तेही म्हणाले, "कन्फर्म."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ते आता मंडळाच्या अंकातच वाचतील.

वाक्य झालं की त्याची मोजणी आली. त्यासाठी शेवटच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याचं अंतिम सादरीकरण ठेवलं. आपल्या प्रकल्पावर दहा मिनिटं बोलायचं, समोर तिघांचं मंडळ. प्रत्येक वाक्यासाठी एक चौकोन, त्यात शून्य ते तीन गुण. कुठल्याही चौकोनात शून्य पडलं तर महिन्याभराने पुन्हा सादरीकरण. तोवर निकाल थांबलेला.

दुसऱ्याच वर्षी बी.एस्सी.च्या मंडळावर मेहरासर, भूगोलाचे एक तरुण शिक्षक आणि ऑफिसतर्फे मी असे तिघं होतो. अकरावी मुलगी आली. मुबीना. मेवातातल्या नूहकडच्या एका गावातली, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, हातात चार घड्यांचा मोठा कागद. "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर्स अँड मॅडम," इथवर छान झालं. "माय प्रोजेक्ट इज ऑन द वॉटर ऑफ माय व्हिलेज." इथवरही. पुढे ती अडकली. कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मेहरासर म्हणाले, "रिलॅक्स, बेटा." ती आणखीच अडकली.

मग तिने तो मोठा कागद टेबलावर पसरला. तो तिच्या गावाचा नकाशा होता, हाताने काढलेला. एकेक हातपंप, एकेक विहीर. निळे ठिपके गोड्या पाण्याचे, लाल खाऱ्या पाण्याचे. आणि ती हिंदीत बोलायला लागली. "सर, ये इधर पहाड़ है. पहाड़ की जड़ में सारे नीले हैं, देखिए. जैसे-जैसे नीचे आओगे, लाल. ये मेरा घर, लाल में. अब सबसे ज़रूरी बात, ये तीन नल पाँच साल पहले नीले थे."

"पाच वर्षांपूर्वीचं तुला कसं माहीत?" मेहरासरांनी विचारलं. तेही हिंदीतच.

"बूढ़ियों से पूछा, सर. किस नल की दाल गलती थी, किसकी नहीं गलती थी. खारे में दाल नहीं गलती. वो तारीख नहीं जानतीं, पर ये जानती हैं कि किस बहू के आने के बाद दाल गलनी बंद हुई. बहुओं की शादी का साल तो सबको याद रहता है."

मेहरासर खुर्चीतून पुढे सरकले. डोंगरावरून झिरपणारं पाणी खालच्या जुन्या खाऱ्या पाण्यावर कसं तरंगतं, वरून जास्त उपसलं की खालचं खारं कसं वर चढतं, हे तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि स्वतःचा तळहात वापरून दाखवलं. दहा मिनिटांची पंचवीस झाली. भूगोलाचा शिक्षक तर गालातल्या गालात हसत होता, त्याची विद्यार्थिनी ती. मला भूगोलातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी मला माझ्या घराखालचं पाणी दिसलं.

मग गुणपत्रक भरायची वेळ आली. मेहरासर भराभर तीन, तीन, तीन लिहीत गेले आणि सातव्या चौकोनाशी थांबले.

"मैडम, इसमें तो इंग्लिश लिखा है." मग आठवल्यासारखं करून, "ये हमने ही रखा था क्या?"

त्या खोलीत याचं खरं उत्तर माहीत असलेली मी एकटीच होते. सर, तो शब्द माझा आहे, बैठकीचा नाही. माझी वही खाली कपाटात आहे, आणून दाखवते. एवढंच म्हणायचं होतं. निकाल पुढे गेला असता. फार तर मला एक मेमो आला असता.

मी म्हणाले, "मिनिट्स में है, सर."

यात खोटं काही नव्हतं. मिनिट्समध्ये होतंच ते.

मेहरासरांनी सुस्कारा टाकला आणि शून्य लिहिलं. मुबीना नकाशाची घडी घालत होती, तिने ते उलटं वाचलं. माझ्याकडे वळली. मीच का, कोण जाणे. बहुतेक मी बाई म्हणून.

"मैडम, मैंने जो बताया, आपको समझ में आया?"

"आया."

"सर को?"

मेहरासरांनी मान हलवली.

"तो फिर?"

मी तिला उत्तर दिलं. ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, "बेटा, समझ में आना अलग बात है."

ती उभी राहिली. म्हणाली, "मैडम, बी.एड. की एडमिशन काउंसलिंग बारह दिन में बंद हो रही है. महीने भर बाद रिज़ल्ट आया तो साल गया." आवाज चढवला नाही. हे मला माहीत नसेल म्हणून माहिती दिल्यासारखं म्हणाली. मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे. समान म्हणजे सारखा, हे तर माझ्या वाक्यांच्या शीर्षकातच होतं.

ती गेल्यावर भूगोलाच्या शिक्षकाने फाइल बंद केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाघमारे मैडम, आज सच में मार दिया." एरवी त्या आडनावाच्या विनोदावर मी फटकन काहीतरी बोलते. त्या दिवशी मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

महिन्याभराने ती पुन्हा आली. यावेळी नकाशा नव्हता. हात मागे बांधून तिने नऊ मिनिटं घडाघडा इंग्रजी म्हटलं. कुणीतरी लिहून दिलेलं होतं, सुंदर होतं, माझ्या मसुद्यांइतकं गुळगुळीत. त्यात दाळ नव्हती, बहुओं की शादी नव्हती. मला राहवलं नाही, मी मधेच इंग्रजीत विचारलं की डोंगराजवळचं पाणी गोड का? ती परिच्छेद पहिल्यापासून म्हणू लागली. संपेपर्यंत आम्ही तिघांनी ऐकून घेतलं. मग मेहरासरांनी सातव्या चौकोनात तीन लिहिले, मी सही केली. त्या वर्षीच्या अहवालात ती ‘निष्पत्ती पूर्णतः प्राप्त’ या रकान्यात मोजली गेली. तपासणी समितीने त्या पानाचं कौतुक केलं.

तिचं वर्ष गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी बी.एड.ला लागली, असं त्या भूगोलाच्या शिक्षकाकडून कळलं.

मी नंतर काय केलं तेही सांगते, कारण आपण काहीतरी केलं असं मी बरीच वर्षं मनाला सांगत होते. वाक्यांची फेरतपासणी दर काही वर्षांनी येते. ती आली तेव्हा मी ‘इंग्रजीत’ काढून ‘किमान एका भाषेत’ घातलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘संबंधितांच्या अभिप्रायानुसार’. आता हे बदललं ते तरी कुणाला कळलं का? कन्फर्म. संध्याकाळी मी मुद्दाम त्रिपाठीजींच्या खोलीत गेले आणि म्हणाले, सर, तुमचं वाक्य आलं बघा शेवटी. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अच्छा? मुझे तो लगा शुरू से यही लिखा है."

कबूल करायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. त्यांनी मला चहा विचारला, मी प्यायले आणि निघाले.

निवृत्तीनंतर माणसाला रिकामपण येतं आणि रिकामपणात हिशेब नाही, पण चेहरे वर येतात. गेल्या हिवाळ्यात मी जुन्या ऑफिसातून मुबीनाचा नंबर मिळवला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं, हो, मसुदा केला, सवय जात नाही. हिंदीत केला. ‘बेटा, वो नियम नहीं था. वो मैंने लिखा था.’ दुपारची सुट्टी असेल अशा बेताने फोन लावला.

तिने आवाज लगेच ओळखला. "बाघमारे मैडम! मैं रोज़ आपको याद करती हूँ." सोहना गावाजवळच्या एका खासगी शाळेत ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. तिने मला बोलूच दिलं नाही, इतकी खूश होती. शाळा कशी, मुलं कशी, प्रिन्सिपल तिच्यावर किती विश्वास टाकतात. आणि मग म्हणाली, "मैडम, आप होतीं तो देखतीं. मेरी क्लास में एक भी बच्चा हिन्दी नहीं बोलता. मैंने पहले दिन से सख़्ती रखी. टॉयलेट भी जाना हो तो पूरा वाक्य, इंग्लिश में. नहीं तो बैठे रहो."

मी विचारलं, "और जिसको नहीं आता?"

ती हसली. "एक था, मैडम. बोल नहीं पाया, वहीं सीट पर हो गया. सब बच्चे हँसे. पर दूसरे दिन? पूरा वाक्य बोला. एकदम साफ़. मैंने उससे कहा, मेरे साथ भी ऐसा ही हुआ था, मुझे भी एक मैडम ने सिखाया."

माझ्या हातात मसुदा होता. पलीकडे ती थांबली होती. काही ऐकायला थांबली होती, हे स्पष्ट कळत होतं.

मी म्हणाले, "व्हेरी गुड, मुबीना. व्हेरी गुड."